किल्व्याचे सोने कुणाचे?

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील एका संग्रहालयात सोन्याचे एक पूजापात्र जपून ठेवलेले आहे. 'बेलेमचे पात्र' या नावाने ते ओळखले जाते. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या हुकुमावरून ते घडवले गेले आणि १५०६ साली पूर्ण झाले. त्याच्या बैठकीवर एक लेख कोरलेला आहे. हे पात्र किल्व्याच्या खंडणीतून आलेल्या सोन्याचे आहे, असे त्या लेखात साफ सांगितले आहे. जबरदस्तीने आणलेल्या धनाची कबुली त्याच धनावर कोरून ठेवल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

पण किल्वा म्हणजे काय, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? शाळेच्या इतिहासात वास्को द गामा लिस्बनहून निघतो, केप ऑफ गुड होपला वळसा घालतो आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचतो. मधला आफ्रिकेचा पूर्व किनारा मात्र कोराच राहतो. या किनाऱ्याने त्याने कित्येक आठवडे प्रवास केला, इथे त्याला गजबजलेली बंदरे दिसली, हिंदी व्यापारी भेटले. कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्याही त्याला इथल्याच मालिंदी बंदरात मिळाला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. नकाशा भरताना मुले आफ्रिकेला वळसा घालणारी एक लाल रेघ ओढतात आणि पुढे जातात. आफ्रिकेला स्वतःचा इतिहास नव्हता, जो होता तो बाहेरून आलेल्यांनी नेला, ही समजूत अशाच रेघांतून तयार होते. ती कुणी शिकवत नाही. कोऱ्या जागेतून ती आपोआप मनात उतरते.

वाचकहो, या कोऱ्या जागेशी आपला, म्हणजे मराठी मुसलमानांचा, दुहेरी संबंध आहे. एक तर तो किनारा आपल्या कोकणाच्या समोरचा, अरबी समुद्राच्या पलीकडचा. दुसरे म्हणजे तेथील तहजीब बहुतांशी मुसलमानांची. म्हणून त्या इतिहासाकडे पाहताना आपला अभिमान जागा होतो. पण तिथेच आपल्या इमानदारीची परीक्षाही होते.

वाऱ्याने जोडलेले दोन किनारे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे ऱ्हाप्ता हे बंदर, तेथून निघणारे हस्तिदंत, गेंड्याचे शिंग आणि कासवाची पाठ यांची नोंद तिच्यात आहे. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद वेगळीच आहे. तिथे जाणारे अरब नाखवे स्थानिक लोकांत लग्ने करतात आणि त्यांची भाषा जाणतात, असे हा ग्रीक व्यापारी सांगतो. ही गोष्ट इस्लामच्या आगमनापूर्वी सुमारे साडेपाचशे वर्षांची आहे.

असे का घडले, याचे उत्तर वाऱ्यात आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात वारा ईशान्येकडून वाहतो आणि गलबतांना अरबस्तान व हिंदुस्थानातून आफ्रिकेकडे नेतो. एप्रिलनंतर तो उलट फिरतो आणि त्यांना परत आणतो. अरबीतील 'मौसिम' या शब्दावरूनच आपला 'मोसमी वारा' आला. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्याला परक्या बंदरात महिनोन्‌महिने थांबावे लागे. थांबायचे म्हणजे घर हवे, पत हवी, ओळखीचा माणूस हवा. हे सारे सोयरिकीतून मिळत असे.

मात्र हे व्यापारी ओसाड किनाऱ्यावर उतरले नव्हते. तिथे बांतू भाषा बोलणारे शेतकरी, कोळी आणि लोखंड गाळणारे कारागीर आधीपासून राहत होते. मातीच्या भिंतींची घरे होती. काथ्याने शिवलेल्या होड्या होत्या. केनियाच्या लामू बेटसमूहातील शांगा या ठिकाणी उत्खनन झाले, तेव्हा दगडी मशिदीखाली तिच्याआधीच्या मशिदींचे थर मिळाले. सर्वांत खालचा थर आठव्या शतकातील एका छोट्या लाकडी मशिदीचा होता. मूठभर माणसे नमाज पढू शकतील एवढीच ती होती. गाव आधीचे होते, त्यात काही माणसे मुसलमान झाली, आणि गाव वाढले तशी मशीद वाढत गेली. जमिनीने दिलेली ही साक्ष आहे.

या व्यापारात आपला किनाराही होता. खंबायतचे कापड तर होतेच, शिवाय काचेचे मणी होते. रायगड जिल्ह्यातील चौल येथे मिळालेल्या काचमण्यांची रासायनिक घडण पूर्व आफ्रिकेतील जुन्या वस्त्यांत मिळालेल्या काही मण्यांशी जुळते, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्या किनाऱ्यावरचे काचमणी कधी काळी आफ्रिकेतल्या बाईच्या गळ्यात होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

किल्व्याची भरभराट

किल्वा हे आजच्या टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे एक लहानसे बेट. नवव्या शतकाच्या सुमारास तिथे वस्ती होती. तेराव्या-चौदाव्या शतकात ते पूर्व आफ्रिकेतील सर्वांत श्रीमंत बंदर बनले. त्याचे कारण दक्षिणेकडील सोफाला हे बंदर त्याच्या ताब्यात होते आणि सोफालाला आतल्या पठारावरून सोने येत असे.

ते पठार म्हणजे आजचा झिंबाब्वे. तिथे अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना लोकांच्या पूर्वजांनी ग्रॅनाइटच्या दगडांचे शहर उभारले. त्याला ग्रेट झिंबाब्वे म्हणतात. चुना किंवा माती न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या भिंती आहेत. मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर असून तिची उंची काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत जाते. या शहरात चिनी मातीची भांडी मिळाली, काचेचे मणी मिळाले आणि किल्व्याचा सुलतान अल-हसन इब्न सुलेमान याच्या नावाचे तांब्याचे एक नाणेही मिळाले. समुद्राकाठचे मुसलमान आणि पठारावरचे शोना यांच्यात धर्म एक नव्हता, पण व्यवहार होता. त्या व्यवहाराची ही पावतीच म्हणायची.

याच सुलतानाच्या काळात, १३३१ साली, इब्न बतूता किल्व्याला आला. हे शहर त्याला अतिशय सुंदर वाटले. तेथील लोक काळ्या वर्णाचे आहेत, दीनदार आहेत, हे त्याने नोंदवले. सुलतान फकिरांसोबत बसून जेवतो आणि एका फकिराने मागितले म्हणून त्याने अंगावरचे कपडे उतरवून दिले, हेही त्याने सांगितले आहे. त्या सुलतानाने बांधलेल्या हुसुनी कुब्वा या राजवाड्याचे अवशेष आजही आहेत. त्यात शंभराहून अधिक खोल्या होत्या आणि आठ कोनांचा एक हौद होता. तिथली मोठी मशीद, तिचे घुमट आणि कमानी प्रवाळाच्या दगडाने व चुन्याने बांधलेल्या आहेत. छताला तिवराचे वासे घालत. खोलीची रुंदी त्या वाशाच्या लांबीवर ठरे, म्हणून त्या किनाऱ्यावरच्या दगडी घरांतल्या खोल्या लांबट आणि अरुंद असतात. दगड तिथला, वासा तिथला आणि घडवणारा हातही तिथला.

बाप इराणी, आई आफ्रिकी

किल्व्याची एक बखर आहे. तिची अरबी प्रत उपलब्ध आहे आणि पोर्तुगीज इतिहासकार जुवांव द बारुश याने सोळाव्या शतकात तिचा सारांश आपल्या ग्रंथात दिला आहे. या बखरीनुसार इराणमधील शिराझचा एक शहजादा अली गलबते घेऊन किल्व्याला आला. बेटाचा मालक असलेल्या आफ्रिकी सरदाराला त्याने कापड दिले आणि त्या बदल्यात बेट विकत घेतले. बारुशने आणखी एक तपशील दिला आहे. अलीची आई हबशी गुलाम स्त्री होती, म्हणून इराणी आईपोटी जन्मलेले भाऊ त्याला तुच्छ लेखत. या अपमानाला कंटाळूनच त्याने देश सोडला.

कित्येक पिढ्या या किनाऱ्यावरची बडी घराणी स्वतःला 'शिराझी' म्हणवून घेत आली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या युरोपीय लेखकांनी तर ही शहरे म्हणजे अरबांच्या आणि इराण्यांच्या वसाहती होत, असा निकालच देऊन टाकला. पुढे उत्खनने झाली, भाषेचा अभ्यास झाला आणि इतिहासकारांचे मत उलट दिशेला गेले. शिराझची कहाणी ही केवळ प्रतिष्ठेसाठी रचलेली आहे, असे अनेकजण म्हणू लागले.

मग २०२३ साली एक नवा पुरावा पुढे आला. या किनाऱ्यावरील इ.स. १२५० ते १८०० या काळातील कबरींमधून ८० व्यक्तींच्या अवशेषांचा डीएनए तपासला गेला. निष्कर्ष असा निघाला की, इसवी सन १००० च्या सुमारास या लोकांत मोठी मिसळण सुरू झाली. बापाकडचा वारसा बऱ्याच अंशी इराणी होता, त्यात हिंदुस्थानचाही थोडा अंश होता. आईकडचा वारसा मात्र जवळजवळ सगळा आफ्रिकी. यातल्या बऱ्याच कबरी प्रतिष्ठित घराण्यांच्या होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे बखर अगदीच खोटी नव्हती. बाहेरून माणसे आली होती. पण त्यांच्या मुलाबाळांना वाढवले ते आफ्रिकी आयांनी.

आणि भाषा आईची राहिली. 'स्वाहिली' हे नाव अरबी 'साहिल'वरून, म्हणजे किनाऱ्यावरून आले. तिच्यात अरबी-फारसी शब्दांची रेलचेल आहे. दुनिया, खबर, वक्त, दवा, हिसाब, रफीक हे शब्द थोड्या बदलाने तिथेही नांदतात. पण व्याकरण सगळे बांतू. वर्गात मी एक उदाहरण देते. 'किताब' हा अरबी शब्द. उर्दूत त्याचे अरबी अनेकवचन 'कुतुब' चालते. स्वाहिलीत तो 'किताबू' झाला आणि त्याचे अनेकवचन झाले 'विताबू'. बांतू भाषांत एकवचनी 'कि'चा अनेकवचनी 'वि' होतो, तोच नियम त्या लोकांनी परक्या शब्दालाही लावला. आपण मराठीत नेमके हेच करतो. 'तारीख'चे अनेकवचन अरबीत 'तवारीख', पण आपण म्हणतो 'तारखा'. 'मसाजिद' न म्हणता आपण 'मशिदी' म्हणतो. पाहुणा शब्द घरात आला की त्याला घरच्या चालीने चालावे लागते. चाल कुणाची, यावरून घर कुणाचे ते कळते.

या भाषेत पुढे साहित्य निर्माण झाले. अरबी लिपीत लिहिलेली स्वाहिली काव्ये आजही जपलेली आहेत. त्यांपैकी तबूकच्या मोहिमेवरचे एक दीर्घकाव्य १७२८ सालचे आहे. विषय अरबस्तानातला, लिपी अरबी आणि भाषा मात्र आईची.

फिरंगी आला

१५०२ मध्ये वास्को द गामा दुसऱ्या सफरीवर आला, तेव्हा किल्व्याचा कारभार अमीर इब्राहिम याच्या हाती होता. तो मूळ सुलतान घराण्यातला नव्हता. गादीवरून आपसांत भांडणे होती. तोफांच्या धाकाखाली गामाने त्याच्याकडून पोर्तुगालच्या राजासाठी खंडणी कबूल करून घेतली. लिस्बनमधले सोने ते हेच.

१५०५ मध्ये फ्रांसिस्को द आल्मेदा मोठे आरमार घेऊन आला. हिंदुस्थानातला तो पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय. जुलैत त्याने किल्वा घेतले, शहर लुटले, आपल्या मर्जीतला एक व्यापारी गादीवर बसवला आणि किल्ला बांधला. ऑगस्टमध्ये मोंबासाची पाळी आली. मोंबासाचे लोक गल्ल्यागल्ल्यांतून लढले. शहर जाळण्यात आले आणि माणसांची कत्तल झाली. या आरमारातल्याच एका जर्मन माणसाने लिहून ठेवलेली हकीकत उपलब्ध आहे. तीवरून ही शहरे किती संपन्न होती आणि किती निर्दयपणे नागवली गेली, ते समजते. शेजारचे मालिंदी मात्र या वेळी फिरंग्यांच्या बाजूला होते, कारण मोंबासाशी त्याचे जुने वैर होते. ही गोष्टही विसरता कामा नये. ही शहरे व्यापारात हुशार, पण त्यांच्यात एकी नव्हती, आणि समुद्रातून डागणाऱ्या तोफांना तोंड देईल असे आरमार कुणाकडेच नव्हते.

हाच आल्मेदा पुढे आपल्या कोकणात येतो. मार्च १५०८ मध्ये चौलजवळच्या आरमारी लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. त्याचा सूड घ्यायला दीवकडे जात असता, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस त्याने वाटेत आदिलशाहीतले भरभराटीचे दाभोळ बंदर उद्ध्वस्त केले. बायकापोरांनाही त्याने सोडले नाही. मोंबासा आणि दाभोळ या दोन शहरांना जाळणारा हात एकच होता, हे दाभोळच्या रहिवाशांनाही कदाचित माहीत नसेल. मायदेशी परतताना मार्च १५१० मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला त्याच्या लोकांनी खोईखोई या गुराखी जमातीची गुरे लुटण्याचा प्रयत्न केला. त्या गुराख्यांनी प्रतिकार केला आणि त्यात हा व्हाइसरॉय मारला गेला.

किल्व्याचे पुढे काय झाले? सोन्याचा सगळा व्यापार आपल्याच हाती राहावा, म्हणून पोर्तुगीजांनी दुसऱ्यांना बंदी केली. परवान्याशिवाय गलबत दिसले की ते पकडले जाई. परिणाम असा झाला की, व्यापाऱ्यांनी वाटा बदलल्या आणि सोने दुसरीकडून जाऊ लागले. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी कापल्यावर हाती काही उरत नाही. १५१२ मध्ये पोर्तुगीज स्वतःच किल्वा सोडून गेले. कित्येक शतकांत उभे राहिलेले शहर अवघ्या सात वर्षांत मोडकळीला आले.

आपल्या खात्यावरचा हिशेब

इथवर वाचून आपल्याला बरे वाटते. आपण सोज्वळ व्यापारी आणि फिरंगी लुटारू, अशी सरळ मांडणी करता येते. पण इतिहास इथेच थांबवला, तर ती अर्धी साक्ष होईल.

इब्न बतूताने किल्व्याच्या सुलतानाचे औदार्य सांगितले, तसेच तो आतल्या प्रदेशातल्या झंज लोकांवर स्वाऱ्या करून लूट आणतो, हेही सांगितले आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या खाऱ्या जमिनीवर राबणाऱ्या गुलामांनी केलेले बंड 'झंजांचे बंड' म्हणूनच ओळखले जाते. ते इ.स. ८६९ पासून ८८३ पर्यंत, चौदा वर्षे चालले. गुलामांना सन्मानाने वागवा, त्यांना मुक्त करणे हे मोठे पुण्य आहे, अशी शिकवण असताना हे घडत होते.

सतराव्या शतकात मोंबासाच्या लोकांनी पोर्तुगीजांविरुद्ध ओमानची मदत मागितली. दीर्घ वेढ्यानंतर डिसेंबर १६९८ मध्ये मोंबासाचा फोर्ट जीझस ओमानी फौजांनी जिंकला. फिरंगी उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून गेला, पण मदतीला आलेला पाहुणा मालक होऊन बसला. १८४० च्या सुमारास ओमानचा सुलतान सय्यद सईद याने आपली राजधानीच झांझिबारला हलवली. लवंगांचे मळे उभे राहिले आणि त्यांत राबायला माणसे हवी होती. ती आतल्या प्रदेशातून साखळदंडात आणली जात. त्यांना समुद्रावर आणणारे एक मोठे बंदर होते किल्वा किविंजे, जुन्या किल्व्यासमोरच्या मुख्य भूमीवरचे. ज्या नावाने सोने विकले, त्याच नावाने आता माणसे विकली जाऊ लागली. या काफिल्यांना कर्ज देणाऱ्या सावकारांत कच्छचे भाटिये होते, तसे खोजाही होते. मुंबईच्या पेढ्यांचा पैसाही झांझिबारच्या व्यापारात फिरत होता. हे करणाऱ्यांत कलमा पढणारे होते आणि न पढणारेही होते. आपल्या लोकांचे नाव आले की आपण पान उलटतो. इतिहासाच्या शिक्षकाला तरी तसे करता येत नाही.

या हिशेबाचा एक धागा नाशिकपर्यंत येतो. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला आणली जात. त्यांतल्या काहींना नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या वसाहतीत ठेवून शिक्षण आणि हुन्नर शिकवले जाई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात मरण पावला, तेव्हा त्याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला आफ्रिकी तरुण होता. त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. याच 'नाशिककर' आफ्रिकींपैकी अनेकजण परत गेले आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी स्थापन झालेल्या फ्रीअरटाउन या वस्तीत राहिले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून त्या वस्तीला नाव मिळाले. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, त्या करारासाठी हेच फ्रीअर गेले होते. तरी गुलामगिरीची कायदेशीर मान्यता झांझिबारात रद्द व्हायला १८९७ उजाडावे लागले.

नाव खोडणारे

गुलामांचा व्यापार बंद करण्याचे काम करता करता युरोपीय सत्तांनी देशच ताब्यात घेतले. १८८४-८५ मध्ये बर्लिनच्या परिषदेत आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरले. त्या परिषदेत एकाही आफ्रिकी राज्याचा प्रतिनिधी नव्हता. १८९० मध्ये झांझिबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले. किल्व्याचा किनारा जर्मनांकडे गेला. जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या हसन बिन उमरी मकुंगान्या याला १८९५ मध्ये किल्व्यात आंब्याच्या झाडावर फाशी देण्यात आले. १९०५ मध्ये किल्व्यामागच्या मातुंबी टेकड्यांत सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध उठाव झाला. तो 'माजी माजी' म्हणून प्रसिद्ध आहे. 'माजी' म्हणजे पाणी. मंतरलेल्या पाण्याने गोळ्या विरघळतील, असा विश्वास लोकांना देण्यात आला होता. अनेक जमाती त्यात एकत्र आल्या. जर्मनांनी उभी पिके आणि कोठारे जाळून दुष्काळ घडवून आणला. १९०७ पर्यंत लाखभर ते तीन लाख माणसे मेली, असे अंदाज आहेत. त्यांतली बहुतेक भुकेने गेली.

पण जमीन घेऊन राज्यकर्त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना भूतकाळही हवा होता. कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने १८७१ मध्ये ग्रेट झिंबाब्वे पाहिले आणि ते शबाच्या राणीचे असावे, असे ठरवले. पुढे कुणी ते फिनिशियनांचे म्हटले, कुणी अरबांचे. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी खोदून दाखवले की, हे काम आफ्रिकींचेच आहे. तरीही १९६५ नंतरच्या गोऱ्या ऱ्होडेशियन सरकारला हे सत्य पचत नव्हते. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. काळा माणूस असे शहर बांधू शकतो, हे एकदा मान्य केले की त्याला राज्य करता येत नाही, हे म्हणण्याची सोय उरत नव्हती. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा लोकांनी त्या दगडी शहराचेच नाव देशाला दिले.

किनाऱ्यावर हाच खेळ दुसऱ्या रीतीने झाला. इंग्रजांच्या दफ्तरात माणसांची अरब, आशियाई आणि आफ्रिकी अशी वेगवेगळी खाती होती. हक्क, कर, नोकरी यांवर त्या खात्यांचा परिणाम होई. दुसऱ्या महायुद्धात झांझिबारात शिधावाटपही वंशाप्रमाणे झाले. अरब व आशियाई लोकांना तांदूळ मिळे, आफ्रिकी म्हणून नोंदलेल्यांना मिळत नसे. मग माणसे आपल्या आईला विसरून बापाचे, आजोबाचे, पणजोबाचे गाव शोधू लागली. वंशाची ही दफ्तरी भिंत आणि जमीन-सत्तेतली विषमता यांचा स्फोट जानेवारी १९६४ मध्ये झाला. त्या क्रांतीत हजारो अरब आणि हिंदी लोक मारले गेले. एक हजार वर्षे ज्या बेटांनी माणसे मिसळली होती, तिथे माणसांना चेहऱ्यावरून वेगळे काढून मारले गेले.

आपण काय घ्यायचे?

हा इतिहास वाचताना मला आपल्याकडच्या शजऱ्यांची आठवण होते. कोकणातील कित्येक मुसलमान घराण्यांत पूर्वज अरबस्तानातून गलबताने आले, असे सांगितले जाते. मराठवाड्यात आणि दखनेत कुणी इराणचे नाव घेतो, कुणी बुखाऱ्याचे. या कहाण्या सगळ्या खोट्या आहेत, असे म्हणायचे कारण नाही. किल्व्याच्या बखरीप्रमाणे त्यांतही काही तथ्य असेल. पण शजऱ्यात आईचे नाव कुठे असते? जी इथल्याच मातीतली होती, जिने मुलांना भाषा दिली, भाकरी थापायला शिकवले, ओव्या म्हटल्या, तिच्या माहेरचे गाव त्या कागदावर नसते. ते गाव कागदावर नाही म्हणून आपण स्वतःला इथले म्हणायला कचरतो. आणि आपण कचरतो म्हणून दुसरे आपल्याला बाहेरचे म्हणतात.

'किल्वा अरबांनी बांधले' असे अभिमानाने म्हणणारा मुसलमान आणि 'झिंबाब्वे फिनिशियनांनी बांधले' असे म्हणणारा गोरा राज्यकर्ता, यांच्या हेतूत फरक असेल. पण दोघेही एकाच माणसाचे नाव खोडतात. तो आफ्रिकी गवंडी, तो शोना पाथरवट, ती स्वाहिली आई. इस्लामने किल्व्याला पुष्कळ दिले. लिपी दिली, दूरदूरच्या बंदरांत पत दिली, मक्केपर्यंतचा रस्ता दिला. मात्र ते देताना त्याने तेथील लोकांची भाषा काढून घेतली नाही. हे ध्यानात ठेवले, तर किल्व्याचा अभिमान बाळगायला आपल्याला त्या गवंड्याचे नाव पुसण्याची गरज पडत नाही.

आज किल्वा बेटावर एक साधे गाव आहे. १९८१ पासून तेथील अवशेष जागतिक वारसा म्हणून नोंदलेले आहेत. सोने लिस्बनमध्येच आहे. पण स्वाहिली भाषा टांझानिया, केनियासह अनेक देशांत कोट्यवधी लोक बोलतात आणि युनेस्कोने ७ जुलै हा दिवस तिच्या नावाने जाहीर केला आहे. फिरंग्याला सोने नेता आले, सुलतानाला माणसे विकता आली, साहेबाला दफ्तरात नावे बदलता आली. 'किताब'चे 'विताबू' करण्याचा त्या आयांचा अधिकार मात्र कुणालाच घेता आला नाही. आपल्या 'तारखा' आणि 'मशिदी' हे शब्दही असेच आपल्या आज्यांनी घडवून दिलेले आहेत. शजरा लिहिताना पुढच्या वेळी एक ओळ त्यांच्यासाठी ठेवावी.